सरळ केलेले बूट

मित्रांनो, प्लास्टरच्या खोलीत, बेसिनच्या वर, खिळ्याला टांगलेली बुटांची जुनी जोडी म्हणजे मी. माझे दोन बूट एका लोखंडी पट्टीने जोडलेले आहेत.

दवाखान्यामागच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. टाचेला त्याने एक भोक ठेवलं. पायाची टाच बुटात नीट खाली टेकली की नाही, ते त्यातून दिसतं. मग त्याने माझी तोंडं मुद्दाम बाहेर, दोन दिशांना फिरवून मला पट्टीवर बसवलं. जन्मतः आत वळलेला पाय प्लास्टरने सरळ झाला, तरी पुन्हा आत वळू पाहतो. झोपेत त्याला बाहेर धरून ठेवायचं, तेही चार वर्षं, हे माझं आणि पाय वाढला की माझ्यानंतरच्या मोठ्या जोडीचं काम.

दरवर्षी दहा दिवस लांबच्या देशातले डॉक्टर इथे येऊन फुकट शस्त्रक्रिया करतात. बाकी वर्षभर सगळं प्लास्टरवाली बाई पाहते. ठमी आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि तिचे तळवे एकमेकांकडे बघत होते. बाईने सहा आठवडे प्लास्टरं बदलली. मग त्या डॉक्टरांपैकी एका उंच डॉक्टरांनी दोन्ही टाचांमागची आखडलेली धोंडशीर बारीक छेद देऊन कापली. शेवटचं प्लास्टर चढवण्याआधी त्यांनी ती सरळ झालेली पावलं तळहातांवर घेऊन सगळ्या बाजूंनी निरखली. यंदाचं सगळ्यांत चांगलं काम हेच, असं ते म्हणाले. ते प्लास्टर तीन आठवड्यांनी बाईने काढलं आणि त्या दिवशी मी ठमीच्या पायात गेले.

मला कसं घालायचं ते शिकवायला आयांनाच आत बोलवायची रीत होती. बाप व्हरांड्यात बसत. ठमीची आई रोज मला चढवायची, भोकातून बघायची आणि म्हणायची, "टेकली." ठमीला वाटलं, माझं नावच ते. पुढे मी दिसले की तीही म्हणायची, "टेकली!"

ठमी अकरा महिन्यांची असताना तिची आई तापाने गेली. चार दिवसांत सगळं संपलं.

आता मला ठमीचा बाप घालू लागला. तो वेल्डर होता. खिडक्या, फाटकं करायचा आणि त्याची चौकट कधी तसूभर तिरकी निघत नसे. ठमीची आत्या मला बघून नाक मुरडायची. "दादा, पोरीला बदक करायचंय का? बूट कुठे बघतायत ते बघ तरी."

त्याने बघितलं. त्यालाही पटलं. फुकटात काम करणारे लोक, घाईत तिरकं बसवलं असेल, असं तो म्हणाला. त्याने माझे स्क्रू सैल केले, दोन्ही तोंडं गुण्यात, म्हणजे काटकोनी पट्टीत, धरून समोर वळवली आणि पुन्हा फिरू नयेत म्हणून वेल्डिंगचे दोन-दोन टाके मारले. काम सफाईदार झालं. मग त्याने मला पॉलिशही केलं.

त्याने एकही दिवस चुकवला नाही. रोज वेळेवर मला घातलं, नाड्या घट्ट बांधल्या. ठमी म्हणायची, "टेकली?" तो हसून म्हणायचा, "हो गं बाई, टेकली." त्याला तो शब्द कळलाच नव्हता. भोकातून त्याने कधी बघितलं नाही. टाच वर उचलली जात होती, पाऊल आत वळत होतं आणि मी त्याला तसंच धरून ठेवत होते. मित्रांनो, ते पाय मी बिघडवले.

पुढच्या वर्षी तेच उंच डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिले, मग मला उचललं. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "हे कोणी केलं?"

बाप अभिमानाने म्हणाला, "मीच. तुमच्या माणसाने तिरके बसवले होते."

डॉक्टरांनी मला बाईच्या हातात दिलं. बूट तिरकेच का असावे लागतात, ते तिने त्याला समजावलं. पुन्हा पहिल्यापासून प्लास्टरं, आणि मोठी शस्त्रक्रिया लागली तर पुढच्या वर्षी. यंदाची यादी भरली होती. तो म्हणाला, "टाके कापून देतो, आता लगेच." बाई म्हणाली, "राहू द्या. तिला आता लहान होतात. शिकवायला मात्र उपयोगी पडतील."

म्हणून मी इथे टांगलेली आहे. आता बापांनाही आत बोलवतात. बाई मला दाखवून सांगते, "हे बघा, असं करायचं नाही." ठमीचं प्लास्टर बदलायला येणारा तिचा बापही दर आठवड्याला बाकीच्यांसोबत बाकावर बसून ते ऐकतो. कोणी केलं, ते ती सांगत नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट वाकडी दिसली, तर सरळ करायला जाण्याआधी ती तशी का आहे, हे विचारा. आणि तुम्हाला माहीत असेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. उद्यावर टाकू नका.

परवा ठमीने भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाली, "टेकली."

बापाने बाईला विचारलं, "नेहमी असंच म्हणते. काय असतं हो ते?"

बाईने मला खाली काढलं, टाचेच्या भोकावर बोट ठेवलं आणि त्याला सांगितलं.