तुळसाबाईची खाकी

खाकी रंग दिसला की माणसं नकळत बाजूला सरकतात. सरकू नका. मी खऱ्या पोलिसाचा शर्ट नाही. टीव्हीवरच्या तुळसाबाई हवालदाराचा शर्ट बोलतोय. मला खोटा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी माझं ऐकून घ्या.

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. शाळेतल्या पोरांचे, दवाखान्यातल्या माणसांचे, रखवालदारांचे कपडे इथून कुठं कुठं जातात. अशाच एका कारखान्यात मी पुरुषी मापानं शिवला गेलो. त्या सुमारास शहराबाहेर, बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात 'वेशीवरची चौकी' ही मालिका उभी राहत होती. खून, तपास, आरोपी, आणि रोज संध्याकाळी नवा भाग. तिथला कपडेपट कमरुन्निसाआपा सांभाळायच्या. त्यांनी मला गठ्ठ्यातून उचललं आणि अंकिताच्या अंगावर चढवलं.

अंकिता मूळची नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आलेली. नवी पेठेतल्या एका दुकानात बायकांना साड्या उलगडून दाखवायची. मालिकेत गर्दीला माणसं हवी होती म्हणून ती आली, आणि उंच होती म्हणून हवालदार झाली. काम एवढंच, की दाराशी उभं राहायचं आणि साहेबांनी हाक मारली की "व्हय सायेब" म्हणायचं. भूमिकेला नावसुद्धा नव्हतं. माझे खांदे तिच्या कोपराकडं उतरलेले.

"आपा, ह्यात माज्यासारख्या दोघी मावतील की!"

"हौ, मावतील," तोंडातली टाचणी काढत आपा म्हणाल्या. "अभी ऐसाच चलाव."

मग तो दिवस आला. आरोपीची आई चौकीत बसून रडते, असा प्रसंग होता. अंकितानं दारातून हलायचं नव्हतं. ती हलली. माठातलं पाणी घेऊन गेली, पेला त्या म्हातारीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी फरशीवरच बसली. दिग्दर्शक शिवानंद थांबवायचं विसरून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात दारातल्या हवालदाराला नाव मिळालं, तुळसा.

तिथून तुळसाबाई वाढायला लागल्या. पहिलं प्रेत बघून त्यांनी डोळे मिटले होते. पुढं त्या प्रेताच्या नखांकडं निरखून बघायला शिकल्या. माझ्या बाहीवर फीत चढली. इन्स्पेक्टर साहेबांचं काम करणारे गुरुलिंग सुरुवातीला नुसते खेकसायचे, हळूहळू त्यांचे साहेब मान वळवून विचारायला लागले, "तुळसाबाई, तुम्हाला काय वाटतं?"

चुकल्याही त्या. एका भागात त्यांनी कोठडीतल्या एका तरुणाच्या मुस्काटात मारली. पुढं तो निर्दोष निघाला. तुळसाबाई त्याच्या घरी गेल्या, तर त्याच्या बहिणीनं आत घेतलं नाही. उन्हात उंबऱ्याबाहेर त्या उभ्या राहिल्या आणि परत आल्या. तो प्रसंग संपल्यावर माझी पाठ घामानं ओली झाली होती, आणि तो घाम काही नाटकी नव्हता. त्यानंतर आरोपीसमोर जाताना तुळसाबाई दोन्ही हात पाठीमागं बांधून घ्यायच्या. कुणी लिहून दिलं नव्हतं. अंकितानंच ते आणलं.

कुणाला कळेल, असं तिला वाटलं नव्हतं. पण नवी पेठेत एका बांगड्यावालीनं तिचा हात धरला. "त्या पोराला हानल्यापासनं तुमी हात मागं बांधता, व्हय ना?"  अंकितानं मान डोलावली. धुवायला नेताना मी तिच्या पिशवीत होतो. माझी कॉलर ताठ झाली, एवढंच सांगतो.

वर्षं गेली. अंकिताच्या केसांत पांढरं आलं, अंग भरलं. आपांनी मधे मला तिच्या मापाला आत घेतलं होतं, त्या कडेच्या शिलाया उसवून मला ऐसपैस केलं. आता मी तिला नेमका बसत होतो.

आणि तेव्हाच वाहिनीकडून ऋतुराज आला. हुशार, घाईतला माणूस. त्यानं आधी माझ्यावर बोट ठेवलं. "हा शर्ट बदला. फिटिंगचा शिवा. आणि बाईंना जरा बारीक व्हायला सांगा."

"नक्को," आपा शांतपणे म्हणाल्या. "भागदौड करनेवाली बाई है वो. शर्टात श्वास घेता यायला पाहिजे तिला."

मी वाचलो. पण त्यानं दुसरं काढलं होतं. मालिका थंड पडलीय, लोकांना धक्का द्यायचा, असं त्याचं म्हणणं. खुनी आरोपी चौकीतून पळतो आणि कळतं की त्याला तुळसाबाईंनीच पळवलं, कारण त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता! मग त्या साहेबांच्या पायावर पडून रडतात आणि साहेब त्यांना बेड्या घालतात.

अंकितानं ते कागद वाचले आणि खाली ठेवले.

"कवा जडला जीव?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"एवढी वर्षं ही बाई कुणाची वाट बघत बसली न्हाय, आन आता खुन्यावर जीव? कवा भेटला, काय बोलला? कायबी दावलं न्हाय तुमी."

"ते नंतर दाखवू. आधी धक्का."

"तिला बदलू नका म्हणत न्हाय मी. बदला की! चुकवा, पाडा, वाईट बी करा. पर माणूस वाईट व्हायला बी वाट चालावी लागती. ही वाट चाललीच न्हाय. हिला तुमी उचलून चिखलात टाकाय लागलाय."

"ताई, ही मालिका आहे. तुळसा खरी नाहीये."

अंकिता लाल झाली. "मग लोकं मला रस्त्यात कुणाच्या नावानं हाक मारत्यात?"

ऋतुराजनं कागद बदलले नाहीत. करायचं नसेल तर दुसरी बाई बघू, एवढंच तो जाताना म्हणाला. आपांनी माझी बटणं लावून दिली.  

प्रसंग सुरू झाला. गुरुलिंग समोर उभे. अंकितानं पाया पडायचं होतं. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, मान वर केली आणि म्हणाली, "सायेब, ह्ये मी केलेलं न्हाय. आन तुमी मला वळखता."

 गुरुलिंगांच्या हातात बेड्या होत्या. लिहून दिलेलं वाक्य होतं, 'अटक करा हिला.' त्यांनी एकदा शिवानंदांकडं बघितलं, मग तुळसाबाईंकडं. बेड्या टेबलावर ठेवल्या.

"ओळखतो, तुळसाबाई. चला, पळवणारा शोधू."

शिवानंदांनी मुद्दाम उशिरा "कट" म्हटलं. ऋतुराज ओरडला, परत घ्या म्हणाला. गुरुलिंग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी दमलो. यापेक्षा चांगलं मला जमणार नाही." पुढचा एकही भाग तयार नव्हता. हाच संध्याकाळी दाखवावा लागला.

दुसऱ्या दिवशी अंकिता घरातून निघाली तर रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी घातली. "तुळसाबाई, बसा! चौकीवर सोडतो." त्या बांगड्यावालीनं भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. लिहिणाऱ्यांना गोष्ट वळवावी लागली. आरोपीला पळवणारा दुसराच निघाला, आणि त्याला तुळसाबाईंनीच पकडलं.

पण वाहिनी विसरली नाही. काही महिन्यांनी अंकिताला न सांगता तुळसाबाईंना एका वाक्यात अपघातात मारलं, आणि चौकीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो लावला. लोक चिडले, पत्रं आली, फोन आले. फोटो काही निघाला नाही.

अंकिता आपलं सामान न्यायला आली, तेव्हा फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चक्क हसली. "आपा, बगा की. फोटो बी साडीतला लावलाय. खाकीतला लावायची छाती झाली न्हाय ह्यांची."

सध्या ती शहरातल्या मुलींना नाटक शिकवते, आणि स्वतः एका नव्या नाटकात न्यायाधीशाचं काम करते. गुरुलिंग त्यात आरोपी आहेत. तालमीत ती त्यांना फार झापते म्हणे.

आणि मी? मी अजून चौकीतच आहे. भुवनेश्वरी नावाची नवी मुलगी आली, तेव्हा ऋतुराजनं मला टाकून द्यायला सांगितलं. आपांनी ऐकलं नाही. मला त्या मुलीच्या मापाला आत घेतलं, पण कडेचं जास्तीचं कापड कापलं नाही. भुवनेश्वरी घाबरलेली असते. तुळसाबाईंसारखं हुबेहूब कर, असं तिला रोज सांगतात. अंकितानं मात्र फोनवर तिला सांगितलं, "माजी नक्कल करू नगं बाई. तू तुजी चूक कर, मग तुला कळंल तुजी हवालदारीण कोण हाय ते."

म्हणून रोज संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्यांनो, एक मागणं आहे. या मुलीला वाढायला वेळ द्या. ती घाबरेल, चुकेल, तुम्हाला तिचा रागही येईल. येऊ द्या. पण उद्या कुणी तिला एका धक्क्यासाठी उचलून फेकायला निघालं, तर गप्प बसू नका. विचारा, "कवा? कसं? वाट कुटं दावली?"

मी विटलोय, कोपरावर विरलोय. पण मला अजून कुणी भिंतीवर टांगलेलं नाही. चला, आत हाक मारतायत. पोरीची पाठ ताठ ठेवायचीय.