नंबरातली शिवकन्या

लातूरच्या त्या होस्टेलात पोरींला डॉक्टर करायच्या आधी एकसारख्या करायचे. केस कानापाशी कापले, करडा कुडता घातला, की नाव गेटवरच राहायचं. आत नुसता नंबर. भिंतीभिंतीला कॅमेरे, हसलं तरी शिक्षा. आमच्या रेणापूरच्या ग्यानोबानं आपली शिवकन्या तिथं ठिवली. दोन म्हैन्यात पोरगी फोनवर "हो सर" म्हनायली. बापाला! ग्यानोबाची झोपच उडाली.

येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं समदं गाव शेतात जेवतं. मी लालमहंमद, दरसाली ग्यानोबाच्याच शेतात. समद्या भाज्या-डाळींची भज्जी खायाची, आन् कडब्याच्या खोपीभवती आंबील शिंपडत एकानं वरडायचं, "ओलगे ओलगे!" मागच्यांनी म्हनायचं, "सालम पोलगे!"

होस्टेलनं सुट्टी दिली न्हाई. मंग आंबिलीचं गाडगं माझ्या ऑटोत ठिवलं आन् निघालो.

गेटवर सायब म्हनला, "नंबर?"

"शिवकन्या," ग्यानोबा म्हनला.

"नंबर सांगा हो."

"आवं, बारशात नंबर ठिवला नव्हता!"

आत पोरी लायनीनं जेवायला चालल्या व्हत्या. ग्यानोबानं जाळीला नाक लावलं. समद्या सारख्या. "शिवकन्या!" त्यानं हाक मारली. एक मान वळली न्हाई.

"लाल्या," त्यो जाळी धरून म्हनला, "माझीच पोरगी मला वळखू यीना रं."

मला राहवलं न्हाई. गाडग्यात बोटं बुडवून जाळीवर शिंपडली आन् स्टँडवर शिटा बोलवायचा घसा लावला, "ओलगे ओलगे!"

लायन थांबली. मधूनच एक चिरका आवाज आला, "सालम पोलगेऽऽऽ!"

तसा शेवट ओढनारी तालुक्यात एकच. ग्यानोबानं उडीच मारली. "हीच! हीच माझी!"

मंग उदगीरकडची, निलंग्याकडची, जी ती आपल्या गावच्या सुरात वरडायली. सायब "गप! गप!" करून राहिला, ऐकतंय कोन?

शिवकन्या जाळीपाशी आली. "लालचाचा, लई बेसूर हाव तुमी." मंग बापाकडं बघून हळूच, "आबा, घरी न्या मला."

"एकशेसत्तर, लायनीत!" सायब वरडला.

"शिवकन्या म्हना," पोरगी म्हनली.

"माझी लेक मी नेऊन राहिलो," ग्यानोबा म्हनला. "डॉक्टर करायला दुसरी जागा बघू."

ऑटोत तिनं गाडगं तोंडाला लावलं. वठावर आंबिलीची मिशी, आन् तोंडाचा पट्टा सुरू. कोन रडतं, कोन झोपेत गातं, भाजीत पानी किती. मी म्हनलो, "ग्यानोबा, आता हिला गप कर बाबा."

मागं वळून बघितलं, तर गडी घोरत व्हता.