सभागृहं तुमची नाहीत

ऋतुजा आणि तिचा कॉलेजातला मित्र राहिल यांनी नोकऱ्या सोडून हडपसरला एक खोली घेतली आणि नाटकांची, मैफलींची तिकिटं विकणारं अ‍ॅप काढलं. प्रत्येक तिकिटावर वर घेतली जाणारी त्यांची कन्व्हिनियन्स फी इतरांच्या निम्मीही नव्हती. निर्मात्यांना अ‍ॅप आवडलं, पण पुण्यातलं एकही मोठं सभागृह त्यांना उभं करीना.

सदाशिव पेठेतल्या एका सभागृहाचे व्यवस्थापक श्यामसुंदर यांनी खरं कारण सांगितलं. 'मंचद्वार' नावाच्या बड्या कंपनीशी सगळ्यांचे करार होते. तिकिटं फक्त तिच्यामार्फत विकायची. दुसऱ्या कुणाला विकू दिली, तर नामांकित कलाकारांचे जे कार्यक्रम तिच्या हातात होते, ते त्या सभागृहाला मिळायचे नाहीत.

दोघांनी बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऋतुजाचे वडील दशरथ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. हरलीस तरी जेवायला घरीच ये, एवढंच ते म्हणाले.

चौकशी लांबत गेली. मध्येच कंपनीचा माणूस आला. तक्रार मागे घेतलीत तर दोन सभागृहं तुम्हाला सोडतो, असं त्याचं म्हणणं. राहिल घुटमळला. घरचा सगळा भार त्याच्यावर होता.

ऋतुजा शांतपणे म्हणाली, "सभागृहं तुमची नाहीत. मग सोडणार कशी?"

माणूस गेल्यावर राहिलने लॅपटॉप पुढे ओढला. मग त्यानेच पुढच्या सुनावणीची दिल्लीची तिकिटं काढली.

श्यामसुंदर यांनीही धोका पत्करून जबाब दिला. कंपनीला मोठा दंड केला तर पुरे नाही का, असं सुनावणीत आयोगाने ऋतुजाला विचारलं.

"दंड भरून ते उद्या तेच करार करतील," ती म्हणाली. "तिकिटं कुणी विकायची, ते सभागृहाला ठरवू द्या. आणि त्यावरून कार्यक्रम अडवणं बंद करा. आमच्यासाठी वेगळं काही नको."

आदेश जवळपास तसाच आला. सभागृहांना एकाच कंपनीशी बांधणारी अट रद्द झाली, कार्यक्रम रोखून धरण्यावर बंदी आली आणि पुढची काही वर्षं देखरेखही बसली.

श्यामसुंदर यांनी लगेच नवे प्रस्ताव मागवले. काम मिळालं ते कोल्हापूरच्या तीन मुलींच्या नव्या कंपनीला. त्यांची फी ऋतुजापेक्षाही कमी होती. राहिलने कपाळाला हात लावला. ऋतुजालाही क्षणभर लागलं. मग तिने वडिलांना फोन केला.

"म्हणजे भांडलीस तू आणि सभागृह त्यांना?"

"हो बाबा. आता त्यांना कुणी अडवू शकत नाही."

दशरथ यांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी खडकी बाजारात जुने सहकारी भेटले, तेव्हा ते प्रत्येकाला थांबवून सांगत होते, की पुण्यातली सभागृहं आमच्या ऋतुजाने मोकळी केली.