खुराड्यातला उजेड

यूनुसने पिल्लू टॉवेलात गुंडाळून मांडीवर पालथं धरलं आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी फुंकर घातली. पिसं बाजूला झाली, म्हणजे जी काही उरली होती ती. खालची कातडी लालबुंद, मधे खपली, आणि खपलीच्या कडेला रक्ताचा ताजा ठिपका. चष्मा कपाळावर चढवून पाहिलं, परत नाकावर आणून पाहिलं. ऊ नाही, पिसू नाही, गोचीड नाही. पिल्लाला मात्र दुखण्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ते टॉवेलाचा एक धागा चोचीत धरून जिवाच्या आकांताने ओढत होतं.

"मेथी हाय, भाय. कवली हाय."

कोन गावाहून भाजी घेऊन येणारी हौसा मागच्या दाराशी टोपली उतरवत होती. मोहल्ल्यात ती पुढच्या दाराने कुणाकडेच जात नसे. यूनुसच्या घरी तर त्याची बायको शरीफा होती तेव्हापासून मागची पडवी हीच तिची बसायची जागा.

"हे बघ, हौसाबाय. अजून एकाला झालं."

हौसाने वाकून पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"नजर लागली. मीठ-मिरच्या ओवालून टाका."

"त्याआधी तू तंबाखूचं पाणी सांगितलंस. त्याच्याही आधी हळद-तेल. सगळं लावून झालं. आणि हे वाढतंच आहे."

"मंग कापून खावा."

यूनुसने टॉवेल छातीशी ओढला. हौसाच्या लक्षात आलं तेव्हा ती जरा ओशाळली आणि उगाचच मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधायला लागली.

"तसं नाय, भाय. कोंबड्यांचा काय, आज हायेत, उद्या नाय. मागं रोगाची बोंब झालेली तवा भाबीनं सगल्या इकल्या नव्हत्या? वरीसभर खुराडा खाली होता. परत ठेवलीच ना अंडी उबवायला?"

"तेव्हा अंडी ठेवायला ती होती," यूनुस म्हणाला.

 हौसाने जुडीत दोन काड्या जास्तीच्या खोचल्या आणि टोपली उचलली.

या पिल्लांची अंडी शरीफाने स्वतःच्या हाताने निवडून कोंबडीखाली ठेवली होती. एकेक कानाशी हलवून, उजेडाकडे धरून, बिस्मिल्ला म्हणून. पिल्लं फुटायच्या आतच ती गेली. सकाळी चहाचं आधण ठेवलं, छातीत कळ आली म्हणाली, आणि चहा उतू जाईपर्यंत सगळं संपलं होतं. घरात माणसांची रीघ लागलेली असताना मागे खुराड्यात पिल्लं बाहेर आली, तेव्हा कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पुढे मुंगसाने कोंबडी नेली आणि पिल्लं पोरकी झाली. त्या दिवशी यूनुस दुकानात गेला, मोठ्यातला मोठा बल्ब घेऊन आला आणि खुराड्यात टांगला. उजेड असला की मुंगूस येणार नाही आणि पिल्लांना भीतीही वाटणार नाही, असा त्याचा हिशेब होता. आयुष्यात कोंबडीला मूठभर दाणे न टाकलेला माणूस आता तांदळाच्या कण्या निवडत बसायचा.

कामोठ्याहून मुलगी, जास्मीन, रोज फोन करायची. "अब्बा, ती पिल्लं कुणाला तरी देऊन टाका आणि माझ्याकडे या." तो म्हणायचा, "पिल्लं मोठी होऊ देत." पिल्लं मेली तर तिला सांगायला काही उरणार नव्हतं. शरीफाने सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं असं घरात दुसरं काहीच नव्हतं.

शेवटी हौसा गेल्यावर त्याने पिल्लं खोक्यात घातली, झाकणाला भोकं पाडली, वरून सुतळी बांधली आणि रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात गेला. न्हावा शेवाकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली. प्रत्येक हॉर्नला खोक्यात कल्ला उठायचा, आणि यूनुस झाकणावर हात ठेवून म्हणायचा, "हो, हो. मी आहे ना."

डॉक्टर मुलगी तरुण होती, जास्मीनपेक्षाही लहान. तिने एकेक पिल्लू हातात घेऊन नीट पाहिलं.

"काय काय लावलंत, काका?"

त्याने सगळं सांगितलं.

"लोणचं घालायचंच राहिलं म्हणायचं," ती हसली. मग पिल्लाच्या पाठीवरून अलगद बोट फिरवत म्हणाली, "या देवी नाहीत. खरूजही नाही. रोगच नाहीये हा. ही एकमेकांना टोचतायत."

"छे! मी दिवसभर बघत असतो. अंगणात कशी मजेत असतात."

"आणि रात्री?"

"खुराड्यात. बल्ब आहे ना आत. एकदम लख्ख ठेवलाय," यूनुस जरा अभिमानानेच म्हणाला.

तिने पिल्लू खोक्यात ठेवलं.

"रात्रभर?"

"रात्रभर. एकदाही विझू दिला नाही."

"काका, लहान होती तेव्हा ऊब म्हणून ठीक होतं. आता पिसं फुटली. एवढ्या उजेडात त्यांना झोपच लागत नसणार. चिडतात, मग शेजारी असेल त्याला टोचतात. एकदा रक्त दिसलं की सगळी तिथेच."

"अंधारात घाबरतील ती."

"अंधारात कोंबडी गप बसते. तुम्ही रात्रच होऊ देत नाही ना त्यांची. उजेडात ज्याला झोप येत नाही तो काय करणार? एक तर भांडणार, नाही तर उठून दुसरीकडे जाऊन झोपणार. यांना जायला जागाच नाही."

तिने जखमांवर लावायला जांभळं औषध दिलं. यूनुसने बाटली खिशात टाकली, शुक्रिया म्हटलं आणि खोका पोटाशी धरून बाहेर आला. बाहेर रिक्षावाले हाका मारत होते.

उजेडाचं वेड त्याचं जुनं. उमेदीची सगळी वर्षं त्याने सौदीत दमामच्या बंदरात काढली. खोलीत दाटीने माणसं, प्रत्येकाची पाळी वेगळी. कुणी कामावर निघालेला, कुणी आलेला, त्यामुळे खोलीतली ट्यूब कधी विझतच नसे. तिच्याखाली झोपायची अशी सवय लागली, की कायमचा घरी परतल्यावर अंधारात त्याचा जीव घाबरा होई. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे. शरीफा सुरुवातीला डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपायची. काही दिवसांनी तिने चटई आणि उशी उचलली आणि मागच्या पडवीत नेली.

"मुंगूस येतं हो," ती म्हणाली होती. "कोंबड्यांजवळ कुणी तरी हवं."

त्याला ते फार लागलं होतं. एवढी वर्षं परक्या मुलखात एकटा झोपलो, आता घरी आलो तरी एकटाच, असं तो एकदा बोलूनही गेला. शरीफा हसली. "तुम्हाला कोण नेणार आहे?" म्हणाली आणि दार लोटून पडवीत गेली. बायकोला आपल्यापेक्षा कोंबड्या प्याऱ्या आहेत, हे त्याने मनात घट्ट धरून ठेवलं होतं. तिला मातीत ठेवून आल्यावरही ते सुटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मगरिबची नमाज झाल्यावर त्याने पिल्लांना औषध लावलं. हात जांभळे झाले. पिल्लांना खुराड्यात घालून फळी लावली, मुंगसासाठी फळीला दगडाचा टेका दिला आणि बल्बचं बटण बंद केलं.

आत एकच गोंधळ उडाला. त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला, तो त्याने मागे घेतला. चिवचिव हळूहळू कमी झाली. पंख घासल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. त्याने फटीला कान लावला. पिल्लं एकमेकांच्या अंगाला अंग लावून निवांत झाली होती.

यूनुस पडवीत शरीफाच्या चटईवर टेकला. चटई अजून तिथेच अंथरलेली होती, उचलायला कुणाचं मन धजलं नव्हतं. निजायच्या खोलीच्या खिडकीतून ट्यूबचा पांढरा पट्टा पडवीत येत होता. तो फरशीवरून पाट्याच्या दगडापर्यंत पोचत होता आणि तिथेच संपत होता. चटई त्या पट्ट्याच्या पलीकडे, भिंतीला अगदी चिकटून होती. आणि तिथून खुराडं दिसतच नव्हतं.

सकाळी हौसा बोलली ते त्याला आठवलं. रोगाच्या बोंबेच्या वर्षी सगळ्या कोंबड्या विकल्या होत्या. वर्षभर खुराड्यात राखण करायला काही नव्हतं. त्या वर्षीही शरीफा इथेच झोपत होती.

 मशिदीतून इशाची अजान झाली. मग त्याने चटई गुंडाळली, उशी काखेत मारली आणि आत आला. उशी पलंगावर भिंतीच्या बाजूला ठेवली, उजवीकडचा चुरगळलेला कोपरा हाताने सारखा केला. नमाज उरकून तो ट्यूबच्या बटणापाशी गेला.

अंधार झाला तशी छाती धडधडू लागली. भिंतीला हात लावत, चाचपडत तो पलंगापर्यंत पोचला, आणि आपल्या बाजूला, अगदी कडेला, आडवा झाला.

"घे," तो म्हणाला. "विझवली."