डंडीतल्या नाटकाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. मी नाटकाची घंटा. पडदा उघडण्याआधी तीनदा वाजायचं, एवढंच माझं काम. पहिल्या घंटेला लोक चहा संपवतात, दुसरीला खुर्च्या शोधतात आणि तिसरीला गप्प होतात. त्या तिसऱ्या घंटेनंतरची शांतता, तीच माझी कमाई.

पुण्यात एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. साच्यातून काढल्यावर त्याने मला कानाशी धरून वाजवलं आणि "आवाज गोड आहे, पण जरा एकलकोंडा," असं म्हणून फळीवर ठेवून दिलं. तिथून मला डॉक्टर माधवांनी उचललं. ते तेव्हा बायकोला घेऊन स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात, तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला निघाले होते. विमानात किणकिणू नये म्हणून त्यांनी माझ्या लोलकाला चिकटपट्टी लावली आणि मला स्वेटरमध्ये गुंडाळलं.

"अहो, तिकडं नाटक करायला माणसं तरी आहेत का?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"घंटा तर नेऊ. माणसं जमवता येतील."

आणि खरंच, त्यांनी ती जमवली. दर वसंतात, पाडव्याच्या आसपास, चर्चच्या हॉलमध्ये मराठी नाटक होऊ लागलं. बाहेर टे नदीवरून धुकं यायचं, डॅफोडिल्स वाऱ्यानं आडवी व्हायची, आणि आत ॲबर्डीन-पर्थहून आलेले डॉक्टर नऊवारी नेसलेल्या आपापल्या बायका ओळखू येत नाहीत म्हणून हसत बसायचे. माधव दिग्दर्शन करायचे. प्रमोदिनीबाई उजव्या विंगेत वही घेऊन बसायच्या. कुणी अडखळलं, की हळूच पुढचं वाक्य सांगायच्या. मला वाजवायचं कामही त्यांचंच. बावीस वर्षांत त्या एकदाही रंगमंचावर गेल्या नाहीत. लोक नटांचं कौतुक करायचे, माझंही करायचे. विंगेतल्या बाईंकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जायचं नाही.

पुढे मंडळी पांगली. कुणाला ब्रिस्टलला नोकरी लागली, कुणी मेडनहेडला घर घेतलं. मुलं युनिव्हर्सिटीला गेली ती तिकडचीच झाली. नवी मंडळी आली, तीही चांगली होती. पण त्यांना तीन तासांचं नाटक नको होतं, गाणी हवी होती. घंटेचा आवाजही आता फोनमधून येऊ लागला. एका एप्रिलमध्ये माधवांनी माझ्या लोलकाला पुन्हा चिकटपट्टी लावली आणि मला कपाटात, जुन्या दाढीमिशांच्या डब्याशेजारी ठेवलं. मित्रांनो, घंटेचं तोंड बांधलं, की ती नुसतं पितळ उरते. कपाटाच्या फटीतून मी घर ऐकायची. आधी दोघांचं बोलणं यायचं. मग एका हिवाळ्यात एकाचंच येऊ लागलं. मग रेडिओचं. माधव गेले होते.

गेल्या मार्चमध्ये कपाट उघडलं. प्रमोदिनीबाईंबरोबर आश्लेषा होती, हॉस्पिटलातली तरुण नर्स, पाचच महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेली.

"काकू, स्प्रिंग फेस्टिव्हलमध्ये कम्युनिटी ग्रुप्सना स्लॉट देतायत. अर्धा तास. तुम्ही करा ना काहीतरी."

"ग्रुप कुठाय गं? मी एकटी."

"मग एकटीचं करा."

प्रमोदिनीबाईंनी माझ्याखालचे कागद काढले. माधवांनी शेवटी लिहिलेली ती एकपात्री होती. बसस्टॉपवर बसची वाट पाहणारी एक बाई आपल्या आयुष्याशी भांडते, एवढीच गोष्ट. जिच्यासाठी लिहिली ती मुलगी प्रयोगाआधीच गाव सोडून गेली, आणि संहिता तशीच पडून राहिली होती. बाई उभ्यानंच ती वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांनी माझ्या लोलकाची पट्टी नखानं खरवडून काढली.

महिनाभर त्या मला ओट्यावर ठेवून स्वयंपाकघरात पाठांतर करत होत्या. बेसिंगस्टोकहून लेकीचा, वरदाचा, फोन आला. "आई, त्या वीकेंडला मला नाही जमणार गं. तुझं नाटक रेकॉर्ड कर ना, आम्ही नंतर बघू."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी किटली पुन्हा चालू केली. पाणी कधीच उकळून गेलं होतं.

प्रयोग शनिवारी दुपारी चार वाजता, एका कम्युनिटी सेंटरच्या मागच्या खोलीत होता. वीस खुर्च्या मांडल्या होत्या. मला वाजवायचं काम आश्लेषाकडे होतं, पण तिची शिफ्ट लांबली. पहिली घंटा बाईंनीच दिली, तेव्हा खोलीत फक्त केअरटेकर होता. दुसरीला एक विद्यार्थिनी आली. तिला फोन चार्ज करायचा होता. मग पावसातून दोन स्कॉटिश आज्या आत शिरल्या आणि छत्र्या झटकत पुढेच बसल्या.

बाईंनी माझी मूठ पुन्हा धरली. तिसरी घंटा नेहमी दुसऱ्यासाठी वाजवायची असते. त्यांनी ती स्वतःसाठी वाजवली, मला उजवीकडे विंग म्हणून ठेवलेल्या खुर्चीवर ठेवलं आणि पिशवी घेऊन त्या उजेडात, 'बस स्टॉप' असं इंग्रजीत लिहिलेल्या पुठ्ठ्याशेजारच्या बाकावर जाऊन बसल्या.

दहा मिनिटं छान गेली. मग अचानक शब्द थांबले. बाईंनी सवयीनं उजव्या विंगेकडे पाहिलं. पण तिथं वही घेऊन बसणारं कुणी नव्हतं, खुर्चीवर फक्त मी होते. मला ते वाक्य पाठ होतं, मित्रांनो! महिनाभर ऐकलं होतं. पण मला एकच शब्द बोलता येतो, आणि तोही कुणी हलवलं तरच. एवढी एकटी मी कपाटातही नव्हते.

बाई उठल्या. त्यांनी पिशवी उचलली. आता त्या निघून जाणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक आजी, मोरॅग तिचं नाव, आपल्या डंडीच्या इंग्रजीत, इकडे बाईमाणसाला लाडानं म्हणतात तसं 'हेन' म्हणत, मोठ्यानं बोलली, "टेक युअर टाइम, हेन. इथली बस कधी वेळेवर आलीय?"

तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण बसची वाट पाहणारी बाई तिला बरोबर कळली होती.

प्रमोदिनीबाई तिच्याकडे वळल्या. मग हसल्या, पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या आणि तिलाच म्हणाल्या, "रोजचंच आहे हो हिचं! तुम्हीच सांगा, माणसानं किती वाट बघायची?" आणि त्या प्रश्नामागून हरवलेलं वाक्य आलं, मग त्याच्या पुढचंही. शेवटच्या दोन मिनिटांत आश्लेषा युनिफॉर्मवरच धावत आली आणि दाराशी उभी राहून रडली. टाळ्या पाच जणांच्या होत्या.

संध्याकाळी वरदाचा फोन आला. "किती लोक होते?"

"पाच."

"ओन्ली फाइव्ह?"

"पाच, वरदा. तुझ्या बाबांनी लिहिलेलं पाच माणसांनी ऐकलं."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला. मग वरदा म्हणाली, "मला वाचून दाखवशील? आत्ता?" बाईंनी चष्मा शोधला.

आता मी खिडकीत असते. पुढच्या वसंतात काही होईल की नाही, ठाऊक नाही. आम्हा दोघींचे दिवस अजूनही लांबच असतात. पण मित्रांनो, माझं एक ऐका. पितळ घासायला चिंच पुरते. माणसासाठी मात्र समोर कुणीतरी येऊन बसावं लागतं. तुमच्या गावात कुणी म्हातारं माणूस काही वाचणार, गाणार असल्याचा कागद दाराशी चिकटवलेला दिसला, तर आत जा. भाषा कळली नाही तरी चालेल. उशीर झाला तरी चालेल. पहिल्या रांगेत जागा असतेच.