वाकडी फळी

सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. लिहूनही काही सांगत नाही, खाणाखुणाही करत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे आणि घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक आहे. शुक्रवारी साडेदहाला माझा धाकटा भाऊ करवतीचं मशीन घेऊन माझ्या मागच्या अंगणात आला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तो आपल्या बायकोला म्हणाला, "चल लवकर. बारापर्यंत ताईचं तोंड बंद आहे, तेवढ्यात कापून मोकळे होऊ."

हातातला ओला पेला मी ओट्यावर ठेवला. तो फुटला नाही, एवढंच.

अंगणात भिंतीला टेकून जाड प्लायवुडच्या दोन फळ्या उभ्या होत्या. भावाच्या कारखान्यात आता भुशाचे दाबलेले ठिसूळ तक्तेच येतात. जुन्यातलं एवढंच उरलं होतं, दोन स्पीकरपुरतं. तिसरी फळी मिळणार नव्हती.

नऊ वर्षं मी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना रोज संध्याकाळी तासभर पुस्तक वाचून दाखवते. आधी लहान खोली होती, वीस खुर्च्यांची. माझा आवाज मुळात हळू, पण तिथे पुरायचा. पावणेदोन महिन्यांपूर्वी आम्हाला मोठ्या सभागृहात हलवलं. तिथे एका बाजूला सगळी काच आणि खाली फरशी. मागच्या तीन रांगांना काही कळेना. खोक्याचे स्पीकर लावून पाहिले तर आवाज मोठा झाला खरा, पण असा घुमायला लागला की पुढच्या रांगाही हातातून गेल्या. मग सभागृहाच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. "ताई, शनिवारपर्यंत बघू. नाही जमलं तर शाळेतल्या बाई तयार आहेत. त्यांना माईकसुद्धा लागत नाही."

त्या बाई चांगल्या आहेत. पण ती वेळ माझी आहे. पुस्तक अर्ध्यावर आहे आणि त्या माणसांना ते कुठे थांबलंय हे माझ्या तोंडून ठाऊक आहे.

खोकंच नसलेला स्पीकर करायचं भावानेच सुचवलं, हे मी नाकारत नाही. नुसती एक उभी फळी, तिला भोक, भोकात स्पीकर, पाठ उघडी. अशा स्पीकरचा आवाज पुढे आणि मागे जातो, बाजूंना फारसा जात नाही. त्यामुळे काचेवर आदळून घुमणं कमी होतं. आकार कोणता, एवढाच प्रश्न होता. भाऊ म्हणाला, गोल. तो गोल टेबलांसाठी नावाजलेला आहे. त्याच्या हातचं वर्तुळ पाहून लोक कडेवरून बोट फिरवतात. मधोमध स्पीकर, सूर्यासारखा, म्हणाला.

मी मोठ्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणला आणि पाच आकार कापले. त्यात स्पीकर बसवून सभागृहात उभा केला, एका पानाचं वाचन फोनमध्ये भरून त्यातून लावलं. पान मला पाठ, म्हणून माझ्या कानांवर माझा भरवसा नव्हता. भावजयीला शेवटच्या रांगेत बसवलं आणि ऐकू येईल ते मोठ्याने परत म्हणायला सांगितलं. अकरा दुपारी आम्ही हे केलं. चौकोनातून बावीस शब्द गळले. गोलातून त्रेचाळीस. ती स्वतःच हसून म्हणाली होती, "ताई, तुम्ही रांजणात डोकं घालून वाचताय असं वाटतंय."

कारणही उमगलं. स्पीकरच्या मागचा आवाज फळीच्या कडेला वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. कड सगळीकडून सारख्या अंतरावर असली की तो सगळा एकाच वेळी पोहोचतो आणि बोलण्यातल्या स्वरांचा एक अख्खा पट्टा खाऊन टाकतो. अंतरं वेगवेगळी ठेवली की तो विखुरतो. म्हणून मी खाली रुंद, वर निमुळता आकार कापला. डावी कड सरळ, उजवी तिरकी, भोक मधोमध न ठेवता एका अंगाला सरकवलेलं. दिसायला वाईट. शब्द गळले सहा.

भावाला तो पुठ्ठा आणि गळलेल्या शब्दांची वही दाखवली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"हे काय, पडलेलं दार? माझं नाव लागणार आहे त्याला."

"तू माझा आवाज गोलातून एकदा तरी ऐक," मी म्हटलं.

"मी ऐकलंय ना, सकाळी कारखान्यात. तक्त्याचा गोल कापून, गाणी लावून. खणखणीत वाजतं. तू आधी तुझा आवाज वाढव ताई, मग लाकडाला नावं ठेव."

हे तो हसत बोलला. लहानपणापासून माझ्या आवाजावर तो हसत आला आहे आणि मीही हसत आले आहे. त्या दिवशी मात्र हसले नाही. गुरुवारी संध्याकाळी मी दोन्ही फळ्यांवर पेन्सिलीने माझा आकार आखून ठेवला आणि फोन करून त्याला तसं सांगितलं. "बरं," म्हणाला.

शुक्रवारी मी अंगणात आले तेव्हा तो पॉलिश पेपरने एका फळीवरच्या माझ्या रेघा घासून काढत होता. बहुतेक पुसून झाल्या होत्या. तिच्या मधोमध खिळा आणि दोरीने वर्तुळही काढलं होतं. दुसरी फळी, माझ्या रेघा अजून शाबूत असलेली, जमिनीवर आडवी होती. भावजय माझ्याकडे बघेना.

"आलीस?" भाऊ म्हणाला. "आता डोळे वटारू नकोस. झाल्यावर तूच म्हणशील, छान दिसतंय."

मी पुढे गेले आणि आडव्या फळीवर मांडी घालून बसले.

"ऊठ."

मी बसून राहिले.

"ताई, लहान आहेस का तू? ऊठ. कुसळं लागतील."

"अहो, तो पुठ्ठ्याचा जो…" भावजयीने तोंड उघडलं.

"तू मध्ये पडू नकोस. तुला काय कळतं त्यातलं?"

ती गप्प झाली. त्रेचाळीस शब्द तिच्याच कानांनी गाळले होते आणि ती गप्प झाली. तिचाही मला राग आला. तिला तर कुठलाच नेम नव्हता.

भावाने आधी लाडीगोडी लावली. मग म्हणाला, "एक शब्द बोल ना. देव काय तुझ्या दारात वही घेऊन बसलाय? बोल, नको म्हण, मी थांबतो." हे बोलताना तो माझ्याकडे जसा बघत होता, ते मी विसरणार नाही. मी एकवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट तो मला गहाण टाकायला सांगत होता, आणि तीसुद्धा स्वतःच्या हट्टासाठी. ओठ उघडलेही असतील. मग दात आवळले आणि दोन्ही तळहात फळीवर दाबून धरले.

"बस मग," तो म्हणाला. त्याने वर्तुळ काढलेली फळी कापायच्या लाकडी घोड्यांवर चढवली आणि मशीन सुरू केलं.

सांगायला हरकत नाही, त्याचा हात सुंदर चालतो. भुसा माझ्या केसांत, मांडीवर उडत होता आणि वर्तुळ सुटत होतं, कुठे खाच नाही की वळणात थरथर नाही. मी बघत होते. एवढा चांगला हात एवढ्या चुकीच्या कामावर मी कधी पाहिला नव्हता. साडेअकराला गोल फळी तयार झाली. मग तो माझ्या खालची फळी बाहेर ओढायला लागला. मी वजन टाकलं. तो ओढत राहिला. भावजय म्हणाली, "अहो, पुरे," आणि या वेळी ती त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. तो कट्ट्यावर जाऊन बसला, घाम पुसत.

बारा वाजले.

"मशीन इथेच ठेव," मी म्हटलं.

"ताई, आता जोडी तर सारखी हवी ना. एक गोल झालीच आहे…"

"मशीन ठेव आणि घरी जा. मी बोलू शकत नाही ती वेळ बघून तू आलास. मी झोपले असते तर परवडलं असतं. मी समोर उभी असताना तू माझ्या रेघा पुसल्यास."

"एवढं काय झालं? लाकूड आहे."

"घरी जा."

माझा आवाज तेव्हाही चढला नव्हता. मला चढवता येत नाही. तो गेला. भावजय थांबली, तिने फळी धरली आणि मी माझ्या रेघेवरून मशीन चालवलं. करवत दोनदा रेघ सोडून गेली. तिरक्या कडेवर एक दात राहिला. भोक अंडाकृती झालं, कानशीने घासून घासून गोल करावं लागलं.

शनिवारी भाऊ गोल फळी पॉलिश करून घेऊन आला. लाकूड चमकत होतं. सेक्रेटरींनी कडेवरून बोट फिरवलं आणि माझ्या फळीकडे पाहून विचारलं, "ही अजून पूर्ण व्हायची आहे का?"

"आधी त्याची लावा," मी म्हटलं.

माईकसमोर बसून मी पुस्तकातलं चालू पान वाचायला घेतलं. भाऊ शेवटच्या रांगेजवळ हात बांधून उभा होता. माझा आवाज त्या फळीतून तो पहिल्यांदा ऐकत होता. चौथ्या ओळीला त्याचे हात सुटले. शेवटच्या रांगेतले एक आजोबा, आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलेले, शेजाऱ्याला विचारत होते, "बाई पाइपात पडल्या की काय?" लोक हसले. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं.

मी उठून तार काढली आणि माझ्या फळीला जोडली. तेच पान पुन्हा वाचलं. आजोबांनी कानामागचा हात खाली घेतला. पानभर कोणी हललं नाही.

"वा," सेक्रेटरी म्हणाले. "एकाच स्पीकरवर भागलं की. शाळेतल्या बाईंना मी कळवतो, गरज नाही म्हणून."

तेव्हा भाऊ पुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुद्दाम दोन वेगळ्या केल्या आम्ही. तुलना करून बघायला. हा आकार मी आणि ताईने मिळून ठरवला."

इथे तो गप्प राहिला असता तर मीही राहिले असते. मी माईक जवळ ओढला. तोच हळू आवाज, चढवता न येणारा, फळीतून निघून शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"हा आकार मी ठरवला," मी म्हणाले. "माझी भावजय अकरा दुपारी शेवटच्या रांगेत बसली, म्हणून ठरला. माझ्या भावाने माझ्या रेघा पुसल्या. ही फळी वाचावी म्हणून मी काल सकाळी तिच्यावर बसून राहिले होते. तो उत्तम सुतार आहे. त्याने खोटं बोलू नये."

भावाच्या मानेवर लाली चढली. तो काहीतरी बोलला, पण त्याच्यासमोर माईक नव्हता आणि मागच्या रांगांपर्यंत ते पोहोचलं नाही. मग तो गोल फळी काखेत मारून बाजूच्या दाराने निघून गेला. भावजय तिच्या जागेवर बसून राहिली.

माझा राग उतरलेला नव्हता. मी पान उलटलं आणि पुढे वाचायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी तासाच्या वर वीस मिनिटं वाचलं.