सिद्ध कुत्रं आणि सतरा हात

गुरुवारचा दिवस. आष्टीच्या बाजारतळावरचा मांडव गच्च भरला होता आणि सतरावा माणूस मनगट खाजवत स्टेजवरून खाली उतरत होता.

"पाह्यलं ना समद्यांनी?" वसंतनाथ महाराजांनी माईक तोंडाशी धरला. "हे गावठी कुत्र्याचं लोम. लागलं की आग. आता यांचा दुसरा हात पाहा. तिथं सिद्ध कुत्र्याचं लोम लावलं. हाय का काही? बिलकुल न्हाई. अमेरिकेतले डॉक्टर याला हायपो का काय म्हणून राह्यलेत, म्हंजी ज्याची ॲलर्जी येत न्हाई असं. आरं, आमच्या दत्तगुरूच्या पायाशी चार कुत्रे बसलेत, त्यांना कधी शिंक आल्ती का?"

मांडव हसला आणि त्याच श्वासात हात जोडून मोकळा झाला. स्टेजच्या एका बाजूला पिंजऱ्यात सात पिल्लं होती. अंगावर केस जवळजवळ नाहीतच, गुलाबी कातडीला भस्म फासलेलं. दुसऱ्या बाजूला खुंटीला एक पिवळी गावठी कुत्री बांधली होती. आपण या खेळातली खलनायिका आहोत हे तिला कोणी सांगितलेलं नसावं, कारण ती निवांत झोपली होती.

कसोटी साधी होती. गावठी कुत्रीचे केस लाल फडक्यात घालून भक्ताच्या डाव्या मनगटावर चोळायचे, सिद्ध पिल्लाचे पांढऱ्या फडक्यात घालून उजव्या मनगटावर. मिनिटाच्या आत डावं मनगट लाल होऊन फुले. उजवं तसंच राही. मग महाराज तेल-भस्म लावून डाव्या हाताची आग शांत करत आणि घरात दमेकरी असेल त्याला पिल्लू देत. पिल्लासोबत पुडी. पुडी रोज सकाळी मधातून, दमेकऱ्यानं घ्यायची. पिल्लू दमा ओढून घेतं आणि पुडी त्याला वाट करून देते, असं हे शास्त्र होतं.

अर्पिता मांडवाच्या मधोमध भावजयीच्या शेजारी बसली होती. जालन्यात, मस्तगडातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासण्याचं काम करी. मोजायची खोड कामानंच लावलेली. सतरा माणसं वर गेली, सतरा डावे हात सुजले. तिनं ते पावतीच्या मागं लिहूनही ठेवलं होतं. पर्समध्ये आणखी एक कागद होता आणि तो सकाळपासून घरात कोणी वाचला नव्हता.

"वहिनी, एकदा ऐक."

"ताई, आता नगं." शीतलनं मांडीवरच्या हरिओमला सावरलं. "पुडी संपत आली. नंबर जवळ येऊन राह्यला."

हरिओम आठ वर्षांचा. दोन वर्षांपासून दमा. जालन्याच्या डॉक्टरांनी कातडीवर टोचून चाचणी केली होती आणि धूळ, कुत्रा अशा दोन्हींपुढं खूण आली होती. पोरगं राहतं शेतावरच्या घरात, आसपास खेळायला कोणी नाही, त्याला कुत्रं हवं होतं. सर्जेरावनं, म्हणजे अर्पिताच्या भावानं, फोन करून विचारलं होतं, "तू शिकलेली हायेस, सांग बरं, दमेवाल्या पोराला कोणत्या जातीचं चालतं? पूडल म्हणून असतंय म्हणे." तिनं आठवडाभर वाचलं आणि खरं ते सांगितलं. कोणतीच जात तशी नसते दादा. त्रास केसांचा नसतो, कुत्र्याच्या लाळेतला आणि कोंड्यातला असतो. केस कमी म्हणून तो कमी होत नाही. सध्या घरात कुत्रं नको.

खरं बोलणं असं रुक्ष असतं. तीन आठवड्यांनी घरात सिद्ध कुत्रं आलं. महाराजांची एक अट होती. पंप आणि सिद्ध कुत्रं एका घरात नांदत नाहीत. शीतलनं इनहेलर चुलीत घातला.

आणि पोरगं बरं झालं. हेच तर दुखणं होतं. कुत्र्याला कवटाळून झोपे आणि छाती वाजत नसे. दोन महिन्यांत गाल वर आले, चेहरा चंद्रासारखा गोल झाला, भाकरीवर भाकरी मागू लागलं. शेजारणी म्हणाल्या, लेकरानं बाळसं धरलं. मध्येच पिल्लाला काळे-तांबडे केस फुटले, अगदी गावातल्या कोणत्याही पिल्लासारखे, तेव्हा महाराजांनी सांगितलं, ओढलेला दमा केसावाटे बाहेर पडून राह्यलाय. घरानं तेही मानलं.

अर्पिता मागच्या रविवारी तीन महिन्यांनी घरी आली आणि भाच्याकडं पाहून उंबऱ्यातच थबकली. असा गोल चेहरा तिनं लॅबमध्ये पाहिला होता. हातपाय काडीसारखे आणि गाल तेवढे फुगलेले. सोमवारी सकाळी आठला तिनं त्याचं रक्त काढलं आणि जालन्याला नेलं. रिपोर्ट घेऊन बुधवारी परतूरच्या डॉ. राजानंदांकडं गेली. आज सकाळी तो कागद तिनं भावापुढं ठेवला. सर्जेराव म्हणाला, "तुझ्या कागदापेक्षा माझ्या पोराचा श्वास मोठा हाय," आणि कापूस वेचायला निघून गेला.

आता शीतलच्या हातात टोकन होतं. पोराला आणखी एक महिना ती पुडी खाऊ घालायची की नाही, हे या मांडवात ठरणार होतं.

"अठरावा कोण?" महाराजांनी विचारलं. अर्पिता उठली. शीतलनं तिची ओढणी धरली. ती सुटली.

"या बाई. डावा हात पुढं करा."

"महाराज, आधी एक शंका." ती पायरी चढून स्टेजवर आली. "ॲलर्जी दहा जणांत एखाद्याला असते. इथं सतराच्या सतरा जणांचा हात सुजला. त्यात ते मेंढरंवाले मामा होते. मामा, तुमच्या घरी कुत्री किती?"

"तीन हायेत," मागून धनगर मामा म्हणाले. "वाड्यावर माझ्याच घोंगडीत निजतेत."

"कधी हात सुजला?"

"न्हाई बाई. आजच."

"शंकेखोराला दत्तगुरू भेटत न्हाईत," महाराज माईकमध्ये म्हणाले. "बसा खाली."

"भेटले तर विचारीन त्यांना. तुम्ही असं करा, सिद्ध पिल्लाचे केस लाल फडक्यात घाला आणि माझ्या हाताला चोळा."

"विटाळ होतो. लाल फडकं गावठीचं."

"मग नुसतं फडकं चोळा. रिकामं."

महाराजांनी फडकं टेबलाच्या कडेला सरकवलं. आता तिच्या लक्षात आलं की ते लाल फडकं गाठीवर दोनच बोटांनी धरतात आणि त्यांचे तळवे खोबरेल तेलानं चमकत आहेत. ती थांबली नाही. खुंटीजवळ गेली, पिवळ्या कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला, मूठभर केस काढले आणि डाव्या मनगटावर खसाखसा घासले. कुत्रीनं एक डोळा उघडून शेपूट हलवली. मग अर्पितानं टेबलावरचं लाल फडकं उचललं, आतले केस सगळ्यांसमोर झटकून टाकले आणि रिकामं फडकं उजव्या मनगटावर घासलं.

"मोजा," ती म्हणाली. "साठपर्यंत."

पहिले दहा आकडे तिनं एकटीनं मोजले. नंतर शाळेतली पोरं मोजू लागली. चाळिसाला तिनं ओठ दाबले, कारण उजवा हात पेटला होता. साठाला तिनं दोन्ही हात वर केले. कुत्रीच्या केसांचा हात स्वच्छ होता. रिकाम्या फडक्याचा हात लालभडक.

सगुणाबाई नावाची एक म्हातारी पुढंच बसली होती. सगळा जन्म निंदणी-खुरपणीत गेलेला. ती उठली, फडक्याला हात न लावता उन्हाकडं धरायला सांगितलं आणि वाकून पाहिलं. धाग्यांत बारीक सोनेरी लव अडकली होती.

"आगं बया, ही तर खाजकुयली. बांधावर येती ती. शेंगेची लव हाय ही. ल्हानपणी आम्ही मास्तरच्या खुर्चीवर टाकायचो." ती महाराजांकडं वळली. "दत्ताचं म्हणून कुयली चोळून राह्यला व्हय रे, मुडद्या?"

हसण्याची लाट आली. अर्पिताला वाटलं, झालं. पण महाराज हसणारांपेक्षा मुरलेले होते.

"असंल कुयली," ते शांतपणे म्हणाले. "शिष्याची चूक झाली असंल. फडक्याचं सोडा. पोरांचं बोला. इथं किती जणांच्या लेकरांचा दमा गेला? हात वर करा."

तीस-चाळीस हात वर गेले. त्यांत शीतलचा होता.

"त्या बाईचंच लेकरू पाहा. कसं बाळसेदार झालंय. ही तिची नणंद. घरातच वैर." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि ध्यानात ठेवा. मंठ्याकडच्या एका बाईनं असंच कोणाचं ऐकून पुडी बंद केली. सहाव्या दिवशी लेकरू थंड पडलं. दत्ताचा कोप झाला, मी काय करू?"

शीतलनं हरिओमला छातीशी आवळलं.

अर्पिताच्या डोक्यात तेव्हा जे झालं त्याला राग म्हणणं कमी पडेल. बुधवारी डॉ. राजानंदांनी नेमकं हेच सांगितलं होतं. आणि या माणसाला ते ठाऊक होतं. कारण नाही, पण घडतं काय ते त्यानं पाहिलं होतं, आणि एका लेकराच्या मरणाचा त्यानं धाक बनवला होता.

तिनं टेबलावरचा दुसरा माईक घेतला.

"हे खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली, आणि महाराजही चमकले. "पुडी एकदम बंद केली तर लेकरू दगावू शकतं. का ते ऐका. पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून टाकल्यात. दम्याची सूज त्यानं दबते, खरंच दबते, म्हणून छाती वाजत नाही. डॉक्टरही वेळ पडली तर ते देतात, पण मोजून, थोडे दिवस. हे रोज चाललंय, महिनोन्महिने. गाल फुगलेत ते बाळसं नाही, औषधाची सूज आहे. आपल्या शरीरात असंच एक द्रव्य रोज तयार होतं. त्यावर माणूस ताप सोसतो, उभा राहतो. बाहेरून आयतं मिळालं की शरीर ते बनवणं सोडून देतं. माझ्या भाच्याच्या रक्तात ते जवळजवळ शून्य आलंय. हा कागद. आता पुडी अचानक थांबवली तर बाहेरचं संपलं आणि आतलं बंद. लेकरू थंड पडतं. यात दत्ताचा कोप कुठं आला?"

"कागद काय, कोणीबी छापतंय," महाराज म्हणाले.

"मग तुम्ही पोलिसांसमोर पुडी तपासायला द्या."

महाराजांनी मागं वळून खूण केली. त्यांचा शिष्य पिंजरा उचलून गाडीकडं चालू लागला.

शीतल उभी राहिली होती. हरिओम तिच्या कडेवर, आठ वर्षांचा आणि जड. ती नणंदेकडं न बघता महाराजांपुढं गेली.

"महाराज, मंठ्याच्या त्या बाईचं लेकरू थंड पडलं तवा तुमी काय केलं?"

"मी काय करणार, माउली? तिची श्रद्धा..."

"दवाखान्यात न्यायला सांगितलं का?"

महाराज भस्माची डबी पिशवीत भरू लागले.

"तुमाला ठावं व्हतं," शीतल म्हणाली. "आन् तरीबी माझ्या हातात पुडी दिली. पंप जाळायला लावला माझ्या हातानं." तिनं टोकन फाडलं नाही, फेकलं नाही. ते अर्पिताच्या हातात दिलं. "ताई, आता काय करायचं ते जल्दी सांग."

या एका प्रश्नासाठी अर्पिता सकाळपासून जीव मुठीत धरून होती. ती माईककडं वळली.

"पुड्या फेकू नका. घरी उरल्या असतील तेवढ्या घेऊन या. लेकरं घेऊन या. डॉ. राजानंद परतूरला थांबलेत, त्यांना मी कालच सांगून ठेवलंय. औषध ते हळूहळू कमी करतील, पंप परत सुरू करतील. ज्यांना लाज वाटते त्यांनी लाजतच या, पण आजच या."

महाराजांची गाडी निघाली तेव्हा ती अडवायला कोणी धावलं नाही. लोक घरी धावत होते, पुड्या आणायला. मांडव रिकामा झाला. गाडीचा नंबर मेंढरंवाल्या मामांनी काठीनं मातीत लिहून ठेवला होता. संध्याकाळी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिताना तोच कामी आला. तपासात कळलं की वसंतनाथ पूर्वी शहरात कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात होता. सिद्ध पिल्लं उकिरड्यावरची होती. मशीन फिरवली की झाली सिद्ध.

दवाखान्यात त्या दिवशी एकतीस लेकरं आली. सर्जेराव शेतातून तसाच आला, अंगाला कापूस चिकटलेला. तो रांगेत उभा राहिला, हातात पुडी घेऊन.

"कुत्रं?" हरिओमनं डॉक्टरांना विचारलं.

"तुझं कुत्रं चांगलं आहे," डॉ. राजानंद म्हणाले. "त्यानं तुझं काही बिघडवलं नाही मुद्दाम. पण ते तुझ्या उशीवर नको. सगुणाबाईंकडं राहील. तू लांबून चेंडू टाकायचा, घरी येऊन हातपाय धुवायचे, सदरा बदलायचा. छाती वाजली तर तेही बंद. कबूल?"

हरिओमला हे उत्तर आवडलं नव्हतं. आवडावं असं ते नव्हतंच.

आणि सगळा घोळ इथंच असतो. कोणतं कुत्रं आणावं, हा प्रश्न गैर नाही. घरात दमेकरी असेल तर आधी त्याची चाचणी करा. जे कुत्रं आणायचं ते सध्या राहतं त्या घरी, त्याच कुत्र्याजवळ त्याला चार-चार वेळा, तासन् तास बसवून पाहा, डॉक्टरांना विचारून. जमलं तर आणा, नाही जमलं तर नाही म्हणा. जातीचं नाव पाहून कोणाचा श्वास मोकळा होत नाही. जो माणूस तुमचं चालू औषध बंद करायला सांगतो आणि स्वतःच्या पुडीत काय आहे ते सांगत नाही, त्याच्या कपाळावर गंध असो की गळ्यात टाय, त्याला एकच प्रश्न विचारा: यात काय आहे? सगळ्यांदेखत विचारा. आणि उत्तर येईपर्यंत त्याची पहिली पुडी लेकराच्या तोंडात पडू देऊ नका.